काकांची हॅमॉकमधली पहिली पावसाळी रात्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

जुलैत काकांना घेऊन आंबोलीच्या वाडीत हॅमॉक, म्हणजे दोन झाडांत टांगायची कापडी झोळी, लावणार असल्याचं वाचून फार आनंद झाला. पण तिथला पाऊस म्हणजे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास. त्यात काकांची ही पहिलीच वेळ. म्हणून सविस्तर लिहितोय. पहिली रात्र कोरडी गेली, तर ते पुढच्या वर्षी स्वतःहून चल म्हणतील. एकदा का पाठ भिजली, की विषय संपला.

जागा घराच्या हाकेच्या अंतरावर निवड, म्हणजे गरज पडली तर पडवी जवळ असेल. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, मुळीच नको. जांभ्यात खुंटी शिरत नाही आणि वाऱ्याला आडोसाही नसतो. ओढ्याचा काठही टाळ. झाडं आंबा, फणस, जांभूळ अशी, किमान वीतभर जाडीची आणि जिवंत हवीत. शेवगा, पांगारा नको, त्यांचं लाकूड ठिसूळ. मान वर करून दोन मिनिटं नीट बघ. अडकून राहिलेली वाळकी फांदी दिसली, तर ते झाड सोडून दे. पावसाने जड झालेली फांदी रात्री कधीही खाली येते.

दोन झाडांत १३ ते १६ फूट अंतर ठेव. नवखा माणूस हॅमॉक खाटेसारखा ताणून बांधतो, आणि सगळं तिथेच बिघडतं. हॅमॉक झाडाला बांधायचा पट्टा जमिनीशी ३० अंशांत उतरत असेल, तर ७० किलोच्या माणसामागे प्रत्येक पट्ट्यावर साधारण ७० किलोचाच ताण येतो. तोच कोन १० अंश केलास, तर ताण २०० किलोवर जातो. वर कापड खांद्यांना आवळतं, ते वेगळंच. पट्टा साधारण डोक्याच्या उंचीला बांध. काका बसले की बूड जमिनीपासून दीड फुटावर, खुर्चीइतकं यायला हवं. पट्टे पॉलिस्टरचे, इंचभर तरी रुंद घे. नायलॉनची दोरी ओली झाली की लांबते आणि पहाटेपर्यंत माणूस जमिनीला टेकतो. पायाकडचं टोक वीतभर उंच बांध, म्हणजे झोपेत ते खाली घसरणार नाहीत.

आता टार्प, म्हणजे हॅमॉकच्या वर ताणायचं, पाणी न शिरणारं कापडी छत. सगळ्यात आधी तो चढवायचा आणि सगळ्यात शेवटी उतरवायचा. ११ फुटी हॅमॉक लावल्यावर टोकापासून टोकापर्यंत साधारण ९ फूट भरतो. म्हणून टार्पचा कणा, म्हणजे मधली सगळ्यात उंच रेघ, ११-१२ फुटांचा हवा, म्हणजे दोन्हीकडे फूटभर तरी जास्त राहतो. रुंदी १० फूट असू दे. पाऊस पश्चिमेकडून, नैऋत्येकडून आडवा येतो. त्या बाजूची कड जमिनीपासून फूटभरावर आण, समोरची मात्र उंच ठेव. काकांना बाहेरचं दिसत राहिलं, की कोंडल्यासारखं वाटणार नाही, आणि हवा खेळती राहिली की आतून दमटही होणार नाही.

नायलॉनचा टार्प भिजल्यावर सैल पडतो. झोपायच्या आधी ताणदोऱ्या पुन्हा ओढून घे, नाहीतर मध्ये पोट सुटतं आणि तिथे तळं साचतं. लाल चिखलात आखूड खुंट्या टिकत नाहीत. वीतभरापेक्षा लांब खुंट्या घे, त्या टार्पपासून बाहेरच्या बाजूला तिरक्या ठोक आणि वर दगड ठेव.

बहुतेकांचा टार्प गळत नाही, पाणी पट्ट्यावरून येतं. बुंध्यावरून वाहणारं पाणी पट्ट्याला लागतं, त्याच्या खालच्या कडेने सरकत थेट हॅमॉकच्या कापडात शिरतं आणि रात्री दोनला पाठीखाली गार ओल लागते. उपाय अगदी साधा आहे. टार्पच्या आत, हॅमॉकच्या टोकाच्या जरा अलीकडे झाडाच्या बाजूला, प्रत्येक पट्ट्याला सुती नाडी घट्ट बांध आणि चार बोटं लोंबती सोड. धार तिथे थबकते, फुगते, नाडीच्या टोकाला मण्यासारखी लटकते आणि मातीत पडते. नाडी टार्पच्या बाहेर बांधलीस तर काही उपयोग नाही, तिच्या पुढे पट्टा पुन्हा भिजतो.

थंडी खालून लागते. पांघरूण अंगाखाली चेपलं गेलं की त्यातली हवा निघून जाते आणि ऊब उरत नाही. म्हणून आत कॅरीमॅट (फोमची गुंडाळायची चटई) टाक, तीही तिरकी, कारण झोपायचंच तिरकं असतं. सरळ झोपलं तर पाठ केळ्यासारखी वाकते आणि गुडघे उलटे ताणले जातात. काकांच्या गुडघ्यांना ते सोसणार नाही.

निघण्याआधी, उजेडात आणि कोरड्यात, त्यांच्याकडून चार-पाच वेळा सराव करून घे. हॅमॉककडे पाठ करायची, दोन्ही हातांनी कापड मागे पसरायचं, मधोमध बसायचं, भार पेलतोय याची खात्री करायची, मग पाय वर घेऊन तिरकं व्हायचं. उठताना आधी पाय बाहेर आणि थोडा वेळ बसून राहायचं. चप्पल टॉर्चच्या उजेडात झटकल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही. फुरसं, मण्यार रात्रीच फिरतात. रात्री उठावं लागू नये म्हणून रुंद तोंडाची बाटली हाताशी ठेव. याबद्दल त्यांच्याशी आधीच मोकळेपणाने बोल, तिथे गेल्यावर ते संकोचतील.

ओले कपडे हॅमॉकमध्ये न्यायचेच नाहीत. झोपण्याचा एक जोड जाड प्लास्टिकच्या पिशवीत, सॅकच्या अगदी तळाशी ठेव, आणि तो फक्त झोपतानाच घालायचा. जळवा असतीलच. पायमोजे पँटवर ओढून घ्या. चिकटलीच तर उपटू नका, तोंडाकडून नखाने सरकवून काढा. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून जखम बराच वेळ वाहते. काकांना हे आधी सांगून ठेव, म्हणजे घाबरणार नाहीत. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जळवांच्या रानात नेऊ नकोस.

वीज कडाडली, वारा झाडं वाकवायला लागला किंवा काकांना हुडहुडी भरली, की सगळं तसंच सोडून घरात. हे निघतानाच ठरवून टाका, म्हणजे रात्री वाद होणार नाही.

परतल्यावर टार्प आणि पट्टे त्याच दिवशी पंख्याखाली पसर. ओले गुंडाळून ठेवलेस तर चार दिवसांत बुरशी धरते आणि तो वास जात नाही. माझा मोठा टार्प हवा असेल तर कळव, शनिवारी आणून देतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा मित्र