कोरडं रडणं ओळखणाऱ्या मॅडमना

मॅडम,

सप्रेम नमस्कार. तुमच्या घरची बोली कन्नड, पण वडगावात इतकी वर्षं शिकवण्या घेतल्यात की हे पत्र तुम्ही माझ्यापेक्षा भरभर वाचाल.

त्या संध्याकाळी मोठीची शिकवणी चालू होती आणि धाकटा उंबऱ्याला अडखळून पडला. गुडघा फुटला, घर डोक्यावर घेतलं त्यानं. आम्ही हळद शोधत होतो. तुम्ही त्याच्या गालावरनं हात फिरवलात आणि म्हणालात, "रडतोय एवढा, पण पाणी कुठाय?" चार वर्षांचा होता. मला दिसत नव्हतं असं नाही. पण सासूबाई (म्हणजे माझी आत्याच, मी आत्याच्याच घरात दिलेली) म्हणायच्या, पोरगं धीराचं आहे.

सकाळी उपाशीपोटी फिट यायची, त्याचं औषध एका डॉक्टरांचं. घास छातीत अडकायचा, ते दुसऱ्यांकडे. अंग काळवंडत होतं, ते उन्हावर ढकललेलं. तुम्ही चारही गोष्टी एका कागदावर लिहून दिल्यात आणि हाच आधी दाखवा म्हणालात. त्या कागदामुळं कॉर्टिसोल (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत तयार होणारं संप्रेरक) तपासलं गेलं, मग जनुकांची तपासणी. ट्रिपल ए सिंड्रोम, म्हणजे ह्या चारही गोष्टींचं मूळ असलेला एकच जनुकीय आजार. रिपोर्टात एका प्रथिनाचं नाव होतं, अलादिन. नाव वाचून हे हसले, आणि लगेच गप्प झाले.

रविवारी तुम्ही माग बंद असताना आलात. मी म्हटलं, हे अलादिन पेशीच्या केंद्रकाच्या भोकांत असतं म्हणतात, ती भोकं म्हणजे चाळणीसारखी का? तुम्ही नाही म्हणालात, त्या भोकात प्रथिनांच्या धाग्यांचा गुंता असतो. मागाखालचा तुटक्या धाग्यांचा गुंता उचललात, मूठभर, आणि त्यातनं एक मोहरी सोडलीत. ती निसटली. कांडी अडकली. मग धोट्यात कांडी घालून दाखवलीत: बारीक रेणू आपसूक जातात, मोठ्या प्रथिनाला मात्र इम्पोर्टिन नावाचा धोटा लागतो, तो धाग्यांशी ओळख ठेवून पलीकडे जातो, माल उतरवतो, परत येतो. एका केंद्रकावर अशी हजारो दारं, एकेका दारात सुमारे 30 जातींची प्रथिनं, आठाच्या पटीत रचलेली, मिळून हजाराच्या आसपास. अलादिन त्यातलंच एक. ते बिघडलेल्या पेशींत डीएनए दुरुस्त करणारी काही प्रथिनं आत कमी पोचतात, असं प्रयोगांत दिसलंय म्हणालात.

मग ते सगळ्या पेशींत असून डोळा, अन्ननलिका आणि मूत्रपिंडावरची ग्रंथी एवढ्यांनाच का झोंबतं? मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "ते अजून शास्त्रज्ञांनाही पुरतं उलगडलेलं नाही." दवाखान्यात इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. ह्याच दारातलं दुसरं प्रथिन बिघडलं तर काही मुलांना मूत्रपिंडाचा आजार होतो, आणि एकाचा जनुक तुटून दुसऱ्या जनुकाला चिकटला तर रक्ताचा कॅन्सर, हेही तेव्हाच कळलं.

पण मला सगळ्यात जड गेलं ते आत्याला सांगणं. घरात नजरेपासून माझ्या गरोदरपणातल्या खाण्यापर्यंत सगळ्याला दोष देऊन झाला होता. तुम्ही तिच्या शेजारी बसलात आणि कन्नड-मराठी मिसळून सांगितलंत: आईकडनं त्या जनुकाची एक बिघडलेली प्रत, बापाकडनं एक, दोन्ही जमल्या तरच आजार; चार लेकरांत एकाला होण्याची शक्यता. नात्यात लग्न झालं की तीच प्रत दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझ्याच घरचं की." त्या दिवसानंतर मला कुणी बोललं नाही.

आता सकाळी उठल्यावर कॉर्टिसोलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी, ताप आला की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं वाढवून. डोळ्यांत थेंब दिवसातनं कितीतरी वेळा. बाटली दप्तरातही असते. फिटी थांबल्या आहेत. घशाचं अजून बघायचंय.

तुमची वही आमच्याकडेच राहिली आहे. शेवटच्या पानावर तुम्ही काढलेलं आठ पाकळ्यांचं दार धाकट्यानं लाल-पिवळं रंगवून टाकलंय, तेवढं चालवून घ्या.

तुमची,
मोठीची आई
वडगाव, बेळगाव