‘आफ्रिकेत’ म्हणजे नेमके कोठे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही आठवड्यांत आपल्या दैनिकाच्या परदेशविषयक पानावर ‘आफ्रिकेत पूर’, ‘आफ्रिकेत सत्तापालट’ आणि ‘आफ्रिकेत साथीचा उद्रेक’ असे तीन मथळे माझ्या वाचनात आले. तिन्ही बातम्या मी शेवटपर्यंत वाचल्या. त्यांपैकी एकीत देशाचे नाव चौथ्या परिच्छेदात सापडले आणि शहराचे नाव तर एकीतही नव्हते. लिस्बनमध्ये आग लागली तर आपण ‘युरोपात आग’ असा मथळा देत नाही. टोकियोतला भूकंप आपल्या पानावर टोकियोतलाच असतो. मग ज्या खंडात संयुक्त राष्ट्रांचे सदस्य असलेले ५४ देश आहेत, त्याच्याच वाट्याला हे एकच सप्तम्यंत पद का यावे, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आकाराचा विचार केला तरी ही सवय टिकण्यासारखी नाही. आफ्रिकेचे क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या देशाच्या जवळजवळ नऊपट. शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या नेहमीच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी आहे. मी ३६ वर्षे इतिहास शिकवला आणि त्यांतली पहिली कित्येक वर्षे, माझ्या शिक्षकांनी मला सांगितले तसे, ‘अंधारे खंड’ हा शब्दप्रयोग मीही वर्गात केला. त्या शब्दातला अंधार युरोपीय प्रवाशांच्या माहितीतला होता, त्या भूमीवरच्या माणसांच्या आयुष्यातला नव्हता, हे मला उशिरा उमगले. ते उमगले ते तिथल्या शहरांचा इतिहास वाचताना, आणि त्याची सुरुवात माझ्या घराजवळूनच झाली.

माझे बालपण दाभोळच्या खाडीकाठी गेले. पोर्तुगीजांनी दाभोळ जाळले, एवढे आमच्याकडे सर्वांना ऐकून ठाऊक असते. डिसेंबर १५०८ मध्ये ते जाळणारा फ्रान्सिस्को द आल्मेदा हा पोर्तुगीजांचा हिंदुस्थानातला पहिला व्हाइसरॉय. त्याच वर्षी मार्चमध्ये चौलजवळच्या लढाईत त्याचा मुलगा लोरेन्सू मारला गेला होता आणि त्या सुडाच्या वाटेवर दाभोळ आडवे आले. पण हा आल्मेदा आपल्याकडे येण्याआधी, १५०५ च्या उन्हाळ्यात, आजच्या टांझानियाच्या किनाऱ्यावरील किल्वा बेटावर उतरला होता. ते शहर लुटून त्याने तेथे किल्ला बांधला आणि पुढे आजच्या केनियातील मोंबासा शहराला आग लावून मग तो आपल्या किनाऱ्याकडे वळला. दीवची लढाई जिंकून पोर्तुगालला परत जाताना, मार्च १५१० मध्ये, आज जेथे केप टाऊन आहे त्या उपसागराच्या काठी तो तिथल्या खोयखोय लोकांशी झालेल्या चकमकीत ठार झाला. एकाच माणसाच्या पाच वर्षांच्या वाटचालीत किल्वा, मोंबासा, चौल, दाभोळ आणि केप टाऊन एका ओळीत येतात. आम्हाला मात्र या ओळीतली मधली दोनच नावे शिकवली गेली.

लुटण्यासारखे किल्व्यात काय होते, हे पाहिले म्हणजे ‘अंधारे खंड’ हा शब्द तोंडात यायचा नाही. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये तेथे गेला होता आणि आपण पाहिलेल्या अतिशय सुंदर शहरांत त्याने किल्व्याची गणना केली. प्रवाळाचा दगड कापून बांधलेला ‘हुसुनी कुब्वा’ नावाचा शंभराहून अधिक खोल्यांचा राजवाडा, त्यातील अष्टकोनी स्नानकुंड, मोठी मशीद आणि सुलतानांच्या नावाने पाडलेली तांब्याची नाणी हे सारे त्या शहराच्या व्यापारातून उभे राहिले होते. आफ्रिकेच्या अंतर्भागातले सोने आजच्या मोझांबिकमधील सोफाला बंदरातून किल्व्याला येई आणि मोसमी वाऱ्यावर येणारी गलबते त्याच्या बदल्यात भारतातले कापड व काचेचे मणी आणि चीनची भांडी उतरवून जात. नैर्ऋत्य आणि ईशान्य वाऱ्यांचे जे वेळापत्रक आपल्या कोकणातल्या तांडेलांच्या बोटांवर होते, तेच स्वाहिली खलाशांच्याही बोटांवर होते. स्वाहिली भाषाच या किनाऱ्याची देणगी आहे. तिचा पाया बांटू या आफ्रिकी भाषाकुळाचा आहे आणि तिच्यात अरबीबरोबर आपल्याकडचेही काही शब्द रुजलेले आहेत.

ते सोने ज्या पठारावरून येत असे तेथे ‘ग्रेट झिम्बाब्वे’ या नगराचे अवशेष आहेत. शोना भाषेत या नावाचा अर्थ दगडी घरे असा होतो. चुना किंवा माती न वापरता नुसते घडीव ग्रॅनाइट एकावर एक रचून उभारलेली तिथली मोठी तटभिंत काही ठिकाणी ११ मीटर उंच असून तिचा घेर सुमारे २५० मीटर आहे. हे काम अकराव्या ते पंधराव्या शतकांतले. येथे चिनी व इराणी भांड्यांचे तुकडे मिळाले, भारतातले मणी मिळाले आणि किल्व्याच्या सुलतानाचे एक नाणेही मिळाले. कार्ल माउख हा जर्मन प्रवासी १८७१ मध्ये येथे पोहोचला, तेव्हा चौकटीच्या लाकडाचा तुकडा पाहून त्याने ठरवून टाकले की हे लाकूड लेबनॉनचे देवदार असले पाहिजे आणि ही वास्तू बायबलमधल्या शेबाच्या राणीची असली पाहिजे. काळ्या माणसांनी हे बांधले असेल, ही शक्यताच त्याला आणि त्याच्यामागून आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना मान्य नव्हती. डेव्हिड रँडल-मॅकायव्हर यांनी १९०५ मध्ये आणि गर्ट्रूड केटन-टॉम्पसन यांनी १९२९ मध्ये उत्खननाच्या आधारे हे नगर तिथल्याच लोकांचे असल्याचे सांगितले, तरीही ऱ्होडेशियाचे, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेचे, गोरे सरकार १९६० आणि १९७० च्या दशकांत जुनीच कहाणी जिवंत ठेवण्यासाठी संशोधकांवर दडपण आणत राहिले. पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला १९७० मध्ये देश सोडावा लागला. पुढे १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्याने या नगराचेच नाव घेतले आणि तेथे सापडलेला दगडी पक्षी आपल्या ध्वजावर ठेवला. एखाद्या समाजाला शहर बांधता येते हे कबूल करण्यासच सत्ता इतकी कचरत असेल, तर शहराच्या नावाचा उच्चार ही क्षुल्लक गोष्ट राहत नाही.

पश्चिमेकडच्या टिंबक्टूचे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते, पण ते ‘जगाच्या टोकावरचे कुठले तरी गाव’ अशा अर्थाने. आजच्या मालीत, नायजर नदीच्या वळणापाशी वसलेले हे शहर सहाराचे मीठ आणि दक्षिणेचे सोने यांच्या अदलाबदलीवर वाढले. मालीचा सम्राट मन्सा मूसा १३२४ मध्ये हजला जाताना काइरोत इतके सोने वाटून गेला की तेथे सोन्याचा भाव उतरला, असे अरबी लेखकांनी नोंदवले आहे. त्याच्याच काळातली जिंगरेबेर मशीद आजही उभी आहे. मला त्या सोन्यापेक्षा तिथल्या ग्रंथांची कथा महत्त्वाची वाटते. मोरोक्कोच्या फौजेने १५९१ मध्ये तिथली सोंघाई सत्ता मोडली आणि पुढे अहमद बाबा या विद्वानाला पकडून मराकेशला नेले. आपले १६०० ग्रंथ गेले आणि आपल्या नातेवाइकांत आपलाच संग्रह सर्वांत लहान होता, असे त्याने तेथे सांगितल्याचे नमूद आहे. कायदा, खगोल, वैद्यक, व्याकरण आणि व्यापारी करार यांच्या हस्तलिखितांनी भरलेल्या पेट्या तिथल्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, जशी आपल्याकडच्या वाड्यांच्या माळ्यांवर मोडी दप्तरे जपली गेली. सशस्त्र गटांनी २०१२ मध्ये शहर ताब्यात घेऊन जुन्या संतांच्या कबरी फोडायला सुरुवात केली, तेव्हा अब्देल कादर हैदारा या ग्रंथपालाने आणि त्याच्या साथीदारांनी ती हस्तलिखिते पत्र्याच्या ट्रंकांत भरून, गाढवे, मोटारी आणि होड्या यांच्या साहाय्याने, राजधानी बामाकोकडे गुपचूप हलवली. कबरी फोडण्याबद्दल हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१६ मध्ये एका आरोपीला ९ वर्षांची शिक्षा दिली. सांस्कृतिक वारशाच्या नाशाला केंद्रस्थानी ठेवून त्या न्यायालयात चाललेला तो पहिला खटला होता.

इथिओपियाविषयी आपल्याला तर अधिकच जवळीक वाटायला हवी. वेरूळचे कैलास लेणे डोंगर वरून खाली कोरत घडवले, याचा आपल्याला योग्य अभिमान आहे. इथिओपियाच्या लालिबेला गावात बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास अशीच अखंड खडकातून, वरून खाली उतरत, ११ चर्चे कोरली गेली. त्यांतले संत जॉर्जचे चर्च वरून पाहिले की समान भुजांच्या क्रुसासारखे दिसते आणि आजही तेथे नित्य उपासना होते. याच देशात सोळाव्या शतकाच्या मध्यास जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि बगदादमार्गे दख्खनेत आलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, शहाजीराजांसह भातवडीच्या लढाईत उभा राहिला आणि १६१० मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. तिथली नहर-ए-अंबरी खापरी नळांतून डोंगरातले पाणी शहरात आणी. म्हणजे महाराष्ट्राचे एक मोठे शहर आफ्रिकेतून आलेल्या माणसाच्या योजनेतून उभे राहिले आहे. असे असताना आपण ‘हबशी’ हा शब्द शिवीसारखा वापरतो, ही गोष्ट मला मनापासून टोचते. तो शब्द ‘हबश’ या इथिओपियाच्या जुन्या अरबी नावावरून आला आहे आणि जंजिऱ्याच्या परिसराला आपल्याच कागदपत्रांत ‘हबसाण’ म्हटले आहे.

अलीकडच्या शहरांचाही इतिहास सरसकट एक नाही. अदिस अबाबा आणि जोहान्सबर्ग ही दोन्ही शहरे १८८६ या एकाच वर्षी सुरू झाली. पहिले शहर सम्राट मेनेलिक आणि राणी ताय्तू यांनी वसवले. त्याच सम्राटाने १८९६ मध्ये अदुवाच्या रणात इटलीचा पराभव केला आणि त्याच शहरात १९६३ मध्ये आफ्रिकी देशांच्या एकजुटीची संघटना स्थापन झाली. दुसरे शहर सोन्याची शीर सापडताच खाणमालकांनी उभे केले आणि तिथल्या खाणींत राबणाऱ्या काळ्या मजुरांना पुढे शहराबाहेरच्या वस्त्यांत कोंबले गेले. नैरोबी १८९९ मध्ये रेल्वेचा तळ म्हणून सुरू झाली. त्या लोहमार्गासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते आणि त्यांतले जवळजवळ २,५०० तिकडेच मरण पावले. आज काइरो, लागोस आणि किन्शासा या तिन्ही महानगरांची लोकसंख्या कोटीच्या पुढे आहे. यांपैकी काइरोचा पाया फातिमी खलिफांनी ९६९ मध्ये घातला. लागोसला तिथले लोक अजूनही ‘एको’ म्हणतात. किन्शासाला १९६६ पर्यंत बेल्जियमच्या लिओपोल्ड या राजाचे नाव होते, ज्याच्या राजवटीत काँगोतील असंख्य माणसे रबरापायी मेली. या तीन शहरांत काय घडते आहे ते ‘आफ्रिकेत’ या एका शब्दाने कसे कळावे?

आपल्या कार्यालयात बातम्या वृत्तसंस्थांकडून येतात, भाषांतर घाईत होते आणि मथळ्याला जागा थोडी असते, हे मी समजू शकते. परंतु ‘लागोसमध्ये पूर’ हा मथळा ‘आफ्रिकेत पूर’पेक्षा फार जागा घेत नाही. माझी विनंती एवढीच आहे की यापुढे अशा प्रत्येक बातमीच्या मथळ्यात किंवा निदान पहिल्या वाक्यात देशाचे आणि शहराचे नाव द्यावे. वाचकांना शहर अपरिचित असेल तर ते कोणत्या नदीवर वा किनाऱ्यावर आहे हे एका ओळीत सांगावे. आणि नायजर व नायजेरिया, गिनी व गिनी-बिसाऊ, बेनिन देश व नायजेरियातले बेनिन शहर यांची गल्लत होऊ नये यासाठी भाषांतर करणाऱ्यांच्या हाताशी नावांची एक शुद्ध देवनागरी यादी ठेवावी. बेनिन शहराची गल्लत तर विशेष टाळायला हवी, कारण १८९७ मध्ये ब्रिटिशांनी जाळून लुटलेले आणि ज्याच्या पितळी शिल्पांच्या परतीच्या बातम्या आपण छापता ते हेच शहर, त्या नावाचा देश नव्हे. अशी यादी तयार करण्यास माझा हातभार लागणार असेल तर मी तो आनंदाने लावीन. माझ्या टिपणवहीत सुमारे दोनशे नावे उच्चारांसह लिहून ठेवलेली आहेत आणि आपण कळवाल त्या पत्त्यावर ती मी पाठवू शकेन.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
चिपळूण