न्द्लोवू म्हणजे हत्ती, पण कुठला न्द्लोवू?

प्रिय सुहास,

झिंबाब्वेतल्या बुलावायोच्या तुझ्या ऑफिसातली न्देबेले आडनावांची यादी वाचली. शब्दार्थ तू बरोबर लावलेस. न्द्लोवू हत्ती, न्याथी रानरेडा, न्गवेन्या मगर, म्पोफू ईलँड हरीण. प्राण्याच्या नावातला सुरुवातीचा 'इ' गळाला की आडनाव झालं. पण एवढ्यावरून कूळ ठरवू नकोस. अगदी कळकळीने सांगतो.

न्देबेले राज्याचा संस्थापक म्झिलिकाझी खुमालो १८२० च्या दशकात झुलू राजा शाकापासून फुटला आणि १८४० च्या सुमारास तिकडे, बुलावायोच्या परिसरात स्थिरावला. वाटेत सोथो-त्स्वाना, पुढे तिथलेच कलांगा आणि रोझ्वी लोक त्याच्या राज्यात सामावले. त्यांची कुलचिन्हं आपल्या देवकासारखी, आधीचीच होती. तिथल्या शोना भाषेतला 'न्झोउ' म्हणजे हत्ती न्देबेले भाषेत न्द्लोवू झाला, 'शुम्बा' म्हणजे सिंह सिबांडा झाला. मोयो, म्हणजे हृदय, तसंच राहिलं. म्हणून एक न्द्लोवू झुलूलँडातून आलेल्या घराण्यातला, तर शेजारच्या टेबलावरचा मूळचा कलांगा असू शकतो.

फरक कळतो तो इझिथाकाझेलोने, म्हणजे कुळाच्या गौरवनावांनी. खुमालोंना 'म्न्तुंग्वा' म्हणतात, बुथेलेझींना 'शेंगे', झुमांना 'म्शोलोझी'. माणसाला या नावाने हाक मारणं फार आदराचं. तेव्हा ते आधी विचार, अर्थ मागाहून.

यादीतल्या बायकांच्या नावांकडेही नीट बघ. लग्नानंतर कागदावर नवऱ्याचं आडनाव लागलं तरी घरीदारी बाई माहेरच्या कुळानेच ओळखली जाते. खुमालोंची लेक कायम माखुमालो. एका कुळात लग्न होत नाही, त्यामुळे ही ओळख जपावीच लागते. शिवाय वसाहतकाळात नोंद करताना कुणी कुळाचं नाव दिलं, कुणी आजोबांचं. एकाच घरातली दोन आडनावं दिसली तर लगेच चूक समजून खोडू नकोस.

माहलांगू आणि माभेना मात्र वेगळे काढ. ही दक्षिण आफ्रिकेतल्या न्देबेलेंची नावं. मुसी राजाच्या मुलांच्या, न्झुंझा आणि मनालाच्या, शाखांतली. ते म्झिलिकाझीच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत.

लिहिताना ख, थ, फ नीट राख. खुमालोचा कुमालो करू नकोस, त्यांच्याकडे महाप्राण निराळाच धरतात. आणि यादीत 'इझिथाकाझेलो' व 'मूळ गाव' असे दोन रकाने वाढव. भरून झाली की पाठव, आपण एकेक कूळ लावू.

तुझा,
विनय