उभी गाडी नुसती ‘स्टार्ट’ करून भागत नाही

महोदय,

गणपती झाले, चाकरमानी परतले, की आमच्या किनारपट्टीवरच्या कित्येक घरांच्या खळ्यात मुलांनी आईवडिलांच्या सोयीसाठी आणून ठेवलेली एखादी चारचाकी पुढचे काही महिने नुसती उभी राहते. आमच्याकडेही मुलाची पेट्रोल गाडी चार वर्षे पडवीलगतच्या शेडमध्ये असते. गेल्या श्रावणात रात्री दीडच्या सुमारास शेजारच्या काकूंना धाप लागली, आम्ही त्यांना उचलून गाडीत बसवले आणि किल्ली फिरवली, तर बोनेटखालून नुसता टक-टक आवाज आला आणि मीटरवरचे दिवेही विझले. पुढच्या वाडीतून रिक्षा येईपर्यंत चाळीस मिनिटे गेली. काकू आज बऱ्या आहेत. पण ती चाळीस मिनिटे माझ्या मनातून जात नाहीत, कारण गाडीची काळजी आपण नीट घेतो आहोत असे मला वाटत होते. दर रविवारी सकाळी मी ती पाच मिनिटे चालू करून बंद करत असे.

हीच सवय घरोघर आहे आणि तीच चुकीची आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. गाडी बंद असली तरी तिचे घड्याळ, अलार्म आणि संगणक बॅटरीतून थोडी वीज घेतच असतात. ती ३० मिलिअँपिअर धरली, तर दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आसपास आणि महिन्याला साधारण २२ अँपिअर-तास वीज जाते. लहान गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासांची. त्यात स्टार्टर मोटर एका झटक्यात पुष्कळ वीज ओढते, आणि जागेवर मंद फिरणाऱ्या इंजिनाकडून पाच मिनिटांत होणारे चार्जिंग ही सगळी घट भरून काढू शकत नाही. दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. सायलेन्सर तापलेला असेल तर ते बाहेर पडते, थंड असेल तर आतच साचते आणि सायलेन्सर आतून गंजू लागतो. इंजिन ऑइलमध्येही असाच ओलावा उतरतो. माझ्या गाडीचा सायलेन्सर काढला तेव्हा त्यातून तांबूस पाणी ओघळले, ते मी स्वतः पाहिले आहे.

म्हणून पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी अर्धा तास रस्त्यावर फिरवावी आणि त्यातली दहा-पंधरा मिनिटे एसी चालू ठेवावा. त्याने आतली दमट हवा सुकते, आसनांवर बुरशी धरत नाही आणि कॉम्प्रेसरच्या सीलना तेल मिळते. चालवणारे कोणीच नसेल तर उगाच स्टार्ट करण्यापेक्षा दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून ठेवणे बरे. मल्टिमीटर असेल तर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसतात, १२.४ च्या खाली गेल्यास ती चार्ज करून घ्यावी. बंद शेडमध्ये मात्र इंजिन कधीही चालू ठेवू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जिवावर बेततो.

आपल्या हवेत आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवल्यास लायनर ड्रमला चिकटतात. त्याऐवजी सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाच्या पुढेमागे जांभ्याचा चिरा लावावा. प्लॅस्टिकचे कव्हर पावसापासून वाचवते, पण आतला दमटपणा कोंडून ठेवते. छप्पर असेल तर कव्हर नसलेलेच चांगले. माडाखाली गाडी लावू नये, हे कोकणात सांगायला नको, पण आंब्याखाली लावणारे पुष्कळ आहेत. समोरच्या काचेखालच्या जाळीत आंब्याची पाने कुजून पाण्याची वाट बुजते आणि पाणी थेट पायाखालच्या मॅटखाली उतरते. समुद्रालगतच्या रस्त्यावरून आल्यावर खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी; किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते वापरू नये. भात किंवा सुकी मासळी ज्या मांगरात असते तिथेच गाडी ठेवली तर उंदीर वायरिंगपर्यंत पोहोचणारच. डांबरगोळ्यांवर मी विसंबत नाही. दर वेळी आधी बोनेट उघडून पाहतो.

चाकरमानी मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, की किल्ली ठेवून जाताना ती गाडी चालवता येणाऱ्या माणसाकडे ठेवावी, पेट्रोलचे पैसे ठेवावेत, विमा आणि पीयूसी मुदतीत आहेत ना ते पाहावे, आणि फोनवर ‘गाडी चालू केली का’ असे न विचारता ‘किती किलोमीटर फिरवली’ असे विचारावे. आमच्या वाडीत रात्री हाताशी असणारे वाहन तेवढे एकच आहे.

आपला,
एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी