कारवानला हाकेवर फिरवायला शिकवणाऱ्या तात्यांना

ती. तात्यांस सा. न.,

सशामागे सुटलेला कारवान, म्हणजे आपला सडपातळ शिकारी कुत्रा, कुणाच्या बापाला परत फिरत नाही, असं माळावर सगळेच म्हणतात. तुम्ही ते खोटं पाडलंत, म्हणून हे जाहीर आभार.

ही जात नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करते. सावज दिसून धाव सुरू झाली की कान बंद. म्हणून शिट्टी त्याआधीच्या एक-दोन सेकंदांत वाजली पाहिजे. मान ताठ, कान मुळाशी उचललेले, शेपूट थबकलेली, पुढचा एक पाय अधांतरी, तेवढीच संधी. ती ओळखायला तुम्ही शिकवलंत.

हाकेत राग उतरतो आणि घरातली चार माणसं चार सुरांत ओरडतात, म्हणून शिट्टी. आधी घरातच शिट्टी आणि लगोलग उकडलेल्या कलेजीचा नखाएवढा तुकडा, दिवसातून ८-१० वेळा, आठवडाभर. मग अंगण, वावर आणि सगळ्यात शेवटी माळ. शिट्टी एकदाच. पाचदा फुंकली तर तो पाचवीची वाट बघायला शिकतो.

दोरीचं तर खास ऋण. १० मीटरची सुती पट्टी, टोकाला गाठ किंवा फास नाही, नाहीतर बाभळीत अडकते. ती गळपट्ट्याला बांधायची नाही, छातीच्या हार्नेसला बांधायची, कारण भरधाव कुत्र्याला बसणारा झटका थेट मानेवर येतो. शिवाय कारवानचं डोकं इतकं निमुळतं, की मागे सरकला तर साधा पट्टा अलगद निघून येतो. हातमोजे हवेतच, नाहीतर तळवे सोलून निघतात. नाही आला तर ओढत आणायचा नाही. दोरी धरून ठेवायची आणि आपण उलट दिशेला पळायचं. पळणाऱ्यामागे धावणं त्याच्या रक्तातच आहे.

कुत्री बिघडतात ती मात्र पुढच्या गोष्टीनं. आला की साखळी अडकवून घरी. दोन दिवसांत त्याला कळतं, शिट्टी म्हणजे खेळ संपला. तुमचा नियम असा, की दहातल्या आठ वेळा पट्ट्याला हात लावायचा, तुकडा द्यायचा आणि 'जा' म्हणून परत सोडायचा. अर्ध्या तासानं आला तरी मार नाही, कारण त्याच्या लेखी तो मार पळाल्याचा नसतो, परत आल्याचा असतो.

सराव सशावर नाही, दोरीनं ओढलेल्या फडक्यावर, हेही बरं केलंत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानातल्या सशामागे कुत्रं सोडणं हीसुद्धा शिकारच. शिवाय माळावर मेंढरं असतात आणि बिनकठड्याच्या विहिरीही.

वयात येताना, सात-आठ महिन्यांपासून पुढे, शिकलेलं सगळं विसरल्यागत वागतो. तेव्हा रागावू नका, पुन्हा दोरी लावा, असं तुम्ही आधीच बजावलं होतंत. सध्या दोनतीन घरांत दोरी परत निघाली आहे.

आपले,
कारवान पाळणारे