विषय: बी विंगच्या जिन्यातल्या गोचिड्या आणि कालची 'मांजरं हटवा' नोटीस

मा. अध्यक्षसाहेब,
स.न.वि.वि.

हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींची पोच सेक्रेटरींनी दिली नाही, पण व्हॉट्सअॅपवर निळ्या टिका दिसतात, त्यामुळे मिळालंच नाही असं कृपया म्हणू नका. काल लिफ्टशेजारी नोटीस लागली की गोचिड्या वाढल्यात म्हणून पार्किंगमधली मांजरं हटवणार, ती वाचली आणि म्हटलं आता बास.

मुळात या गोचिड्या मांजरांच्या नाहीतच हो. जिन्यात फिरतीये ती तपकिरी गोचीड, कुत्र्यावर जगणारी. रक्त पिऊन टम्म फुगली की खाली पडते, भिंतीच्या फटीत शिरते आणि हजारो अंडी घालते. पिल्लं परत कुत्रा गाठतात, पितात, पडतात, कात टाकतात, मोठी होईपर्यंत हेच, आणि मोठी झाली की महिनोन्महिने उपाशी राहू शकते. मांजर दिवसभर स्वतःला चाटत बसतं, त्यात बऱ्याचशा गोचिड्या निघून जातात, राहतात त्या कानामागे नि मानेला जिथे जीभ पोचत नाही. मग दुसऱ्या मजल्यावरच्या एका दारापासून स्कर्टिंगवर त्यांची रांग लागते ती कुठून येते? नाव घेत नाही, लॅब्राडॉर सगळ्यांना माहितीये. कुत्रा गुणी आहे बिचारा, त्याच्याशी माझं भांडण नाही.

माझा बोका भुऱ्या घराबाहेर जातच नाही (जिन्यात एक चक्कर मारतो, तेवढंच). गेल्या ऑगस्टमध्ये दोन दिवस जेवला नाही, अंग तापलेलं, ओठ वर करून बघितलं तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. रक्त तपासलं तर गोचीडताप. २८ दिवस डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, अँटिबायोटिक). ती गोळी मांजराला कोरडी दिली आणि घशात अडकली तर अन्ननलिका सोलवटते, म्हणून प्रत्येक गोळीनंतर सिरिंजने ५ मिली पाणी पाजायचं, टॉवेलमध्ये गुंडाळून. माझ्या मनगटावर अजून वळ आहेत, मीटिंगला दाखवीन. तेव्हाही हा विषय मी दिला होता, तुम्ही तो 'आयत्या वेळचे विषय' मध्ये शेवटी टाकलात आणि तोवर समोसे आले.

त्याच मीटिंगनंतर खजिनदारांनी मला प्रेमाने कुत्र्याचं औषध दिलं, 'हेच दोन थेंब मानेवर टाका, संपलं'. पाकिटावर मांजराचं चित्र आणि त्यावर लाल फुली. आत परमेथ्रिन, म्हणजे कीटकनाशक. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या यकृताला ते फोडताच येत नाही, थरथर सुटते, झटके येतात, मरूही शकतं. मी वाचलं म्हणून भुऱ्या आहे. आणि आता पेस्ट कंट्रोलवाला जिन्यात नेमकं कुठलं औषध फवारणार हे तुमच्यापैकी एकाने तरी विचारलंय का, की कोटेशनचा आकडा बघून सही केलीत?

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत परिसरातल्या प्राण्यांच्या खाण्याची सोय सोसायटीने करायची असं स्पष्ट लिहिलंय. जागा कुठली असावी वगैरे बारीकसारीकही आहे, त्यात आत्ता शिरत नाही. मी तर जिन्याखाली एक वाटी ठेवते फक्त. बी विंगमधल्या ११ घरांचं माझ्यासारखंच मत आहे, सह्या घ्यायच्या राहिल्यात, पण लिफ्टमध्ये सगळे मान हलवतात.

मागणं फार नाही. नोटीस आजच काढा. जिन्यातल्या आणि पार्किंगमधल्या फटी बुजवून घ्या, व्हाइट सिमेंटचे पैसे मी देते. फवारणीआधी औषधाचं नाव लेखी द्या, म्हणजे मी आमच्या डॉक्टरांना दाखवीन. आणि दुसऱ्या मजल्याला सांगा की कुत्र्याचं औषध दर महिन्याला लावायचं असतं, आठवेल तेव्हा नाही. वॉचमनलाही सांगा, चिकटलेल्या गोचिडीवर रॉकेल ओतायचं नाही, चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची.

सोबत पुरावा म्हणून स्पिरिटमध्ये ४१ गोचिड्या ठेवल्यात, आज सकाळी फक्त दुसऱ्या ते तिसऱ्या मजल्याच्या मध्ये सापडलेल्या. झाकण घट्ट आहे. बरणी परत पाठवा, लोणच्याची आहे.

आपली,
बी-४०२