जत्रेचं मटण आणि पिशवीची गाठ

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

चैत्र तोंडावर आलाय, आता आपल्या खानापूर-बेळगाव पट्ट्यात एकामागून एक गावच्या जत्रा लागणार, देवी गदगेवर, म्हणजे जत्रेच्या आसनावर, बसणार, लेकीबाळी माहेरी येणार, आणि मटणाच्या दिवशी एकेका घरात दोन-दोन तीन-तीन बकरी पडणार. त्याच्या आत हे पत्र छापून यावं म्हणून घाईने लिहितोय. जरा लांबलंय, पण कापू नका ही विनंती, कारण यातलं निम्मं जरी मला गेल्या वर्षी ध्यानात असतं तर आमच्या घरातल्या तीन माणसांना सलाईन लावायची वेळ आली नसती.

झालं ते असं. पहाटे साडेपाचला आमच्या दारात दोन बकरी पडली, पंचवीस-एक किलो मटण निघालं. दहा-बारा किलो लगेच चुलीवर चढलं, दुपारच्या पंगतीला ते संपलं, त्याने कुणालाच काही झालं नाही, ताजं कापून ताजं शिजवलं त्याला कसली भीती नाही. राहिलेलं म्हणजे रात्रीच्या जेवणाचं आणि पाहुण्यांच्या बरोबर बांधून द्यायचे वाटे. ते आम्ही कॅरीबॅगांत भरलं, कचकचीत गाठी मारल्या, एका मोठ्या पातेल्यात एकावर एक रचलं, वर झाकण आणि झाकणावर दगड, कुत्र्यामांजराचं भय म्हणून. माशी नाही बसणार, धूळ नाही उडणार, आम्हाला वाटलं किती जपून ठेवलंय. मागच्या खोलीवर पत्रा. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे ते दिवस गेले आता, त्या दिवशी बाहेर ३७ डिग्री होतं, पत्र्याखाली किती असेल तुम्हीच बघा.

दुपारी चारला वहिनीने झाकण काढलं. वरच्या पिशव्या दिसायला बऱ्या होत्या, लालभडक, थोडं पाणी सुटलेलं. तळाला एक मांडी अख्खीच ठेवली होती, ती मी बाहेर काढली, हाडापर्यंत सुरी घातली आणि त्या चिरेत दोन बोटं घालून बघितली तर आत अजून कोमट! पहाटे पडलेलं जनावर, साडेदहा तास झाले आणि हाडाजवळची ऊब गेलेली नाही. हाडाला लागून असलेलं मांस राखाडी पडलेलं, बोटाला बुळबुळीत लागत होतं, आणि नासलेल्या ताकासारखा आंबूस वास, जो वरून अजिबात येत नव्हता. मांडी परसात पुरली. पण वरच्या पिशव्यांना वास नाही म्हणून त्या दोन पाण्याने धुतल्या, आलं-लसूण जास्त घातलं, आणि चांगल्या रटरटा शिजवल्या. चूक ती तिथे झाली. मध्यरात्रीपासून उलट्या-जुलाब सुरू, त्यात माझा सहा वर्षांचा नातू. पोराचे डोळे खोल गेलेले मी बघितलेत, म्हणून हे लिहितोय.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं ते सगळ्यांना कळायला पाहिजे. जिवंत बकऱ्याचं अंग ३९ डिग्रीच्या आसपास गरम असतं, जीव गेला म्हणून ती उष्णता लगेच जात नाही, ती आपण बाहेर काढावी लागते. ५ ते ६० डिग्रीच्या मधे जंतू वाढतात, आणि अंगाच्या उबेइतक्या उबेत त्यातले काही २० मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे तासात आठपट आणि दोन तासांत चौसष्टपट. कच्चं असो की शिजलेलं, मटण बाहेर ठेवायचं तर दोन तास, आणि बाहेर ३२ च्या वर ऊन तापलं असेल तर एकच तास. शिवाय काही जंतू मटणात जे विष सोडतात ते उकळलं तरी जात नाही, जंतू मरतो आणि विष राहतं. म्हणजे आमचं ते रटरटा शिजवणं फुकट गेलं. आणि आजारी पाडणाऱ्या जंतूंचा वास येतोच असं नाही, त्यामुळे वास घेऊन "बरं आहे" म्हणणं हा काही उपाय नव्हे.

आता एक गोष्ट सांगतो, विषय हरणाचा आहे पण तिचा संबंध इथेच आहे. माझा पुतण्या अमेरिकेत टेक्सासला असतो. तिकडे हरणाच्या शिकारीला सरकार लायसन्स देतं, ठरलेला सीझन असतो, आणि तो भाग उष्ण, शिकारीच्या दिवसांतसुद्धा दुपारी चांगलं ऊन असतं. त्याचे तिथले मित्र जातात, हा एकदा बघायला गेलेला. आमच्या घरचा प्रकार ऐकून तो फोनवर म्हणाला, काका, तिकडे हरीण पडलं की माणसं फोटोच्या आधी पोट मोकळं करतात. त्याला फील्ड ड्रेसिंग म्हणतात, म्हणजे जागेवरच साफ करणं. सुरीचं पातं वर करून, खाली दोन बोटं धरून कातडं फाडत जायचं, म्हणजे टोक आतड्यात घुसत नाही. कोठा, आतडी, मूत्राची पिशवी न फोडता सगळं एका झटक्यात बाहेर. श्वासनळीसुद्धा वरपर्यंत ओढून काढतात, कारण ती राहिली तर नासायला तिथून सुरुवात होते. मग बरगड्यांमधे काठी अडकवून पोट उघडं ठेवायचं, वारा आत जाऊ द्यायचा. ऊन असेल तर कातडंही लगेच उतरवतात, केसाळ कातडं म्हणजे अंगावर घोंगडी, ती आतली ऊब सोडत नाही. मग फऱ्या-मांड्या सुट्ट्या करून बर्फाच्या पेटीत. आणि त्या पेटीचं खालचं बूच उघडं ठेवतात, वितळलेलं पाणी वाहून जायला पाहिजे, मटण पाण्यात तरंगत ठेवायचं नाही, रोज नवीन बर्फ घालायचा. लांब न्यायचं असेल तर सुती जाळीदार कापडाच्या पिशव्या, माशी आत जात नाही आणि हवा जाते. काहीजण वरून काळी मिरी चोळतात, माशी बसत नाही म्हणून.

हे ऐकताना मला आमचा आज्जा दिसायला लागला. मी सात-आठ वर्षांचा असेन, परवान्याची बंदूक होती त्याच्याकडे, ते दिवस वेगळे होते. एकदा भेकर आणलेलं, दारातल्या ऐनाच्या झाडाला मागच्या पायांनी टांगलेलं, आत चिवाची काठी आडवी घालून पोट उघडं केलेलं, आणि आज्जा कोरड्या फडक्याने आतून पुसत होता. मी तांब्याभर पाणी घेऊन गेलो तर ओरडला, "पाणी नको रे, पाण्याने कुजतंय ते!" टेक्सासची माणसं आणि आमचा आज्जा, कुणी कुणाला शिकवलेलं नाही, पण गोष्ट एकच सांगतात: ऊब बाहेर, वारा आत, आणि कोरडं. आणि आपण शिकली-सवरलेली माणसं गरम मटण प्लास्टिकमधे कोंडून वर गाठ मारतो!

हरणाचं नाव काढलं म्हणून कुणी उलटा अर्थ घेऊ नये. बहात्तरच्या दुष्काळाच्या सालीच, १९७२ ला, वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्या कायद्याने आता आपल्याकडे भेकर, सांबर, चितळ, काळवीट कशाचीही शिकार करणं गुन्हा आहे आणि ते मटण विकत घेणं, घरात ठेवणं हाही गुन्हाच. आपल्या तालुक्यात तर २०११ पासून भीमगड अभयारण्य आहे. तरी "रानातलं मिळतंय, घेणार काय" असं कानात सांगणारे अजून भेटतात. घेऊ नका. जेल तर आहेच, पण जे जनावर रात्री लपवून पाडलं, पोत्यात कोंडून मोटरसायकलवर तीन-चार तास फिरवलं, ते मटण आमच्या त्या मांडीपेक्षा वेगळं नसणार. आज्जाने नंतर बंदूक जमा केली आणि पुढे कधी रानात गेला नाही. ते ज्ञान मात्र बकऱ्याला तसंच्या तसं लागू पडतं, ते तेवढं घेऊया.

मग घरात करायचं काय. यंदा आम्ही ठरवलंय ते सांगतो. सगळी बकरी पहाटे एकदम पाडायची नाहीत, दुपारच्या पंगतीचं पहाटे, रात्रीचं दुपारनंतर, खाटीकदादांना आधीच सांगून ठेवलं की ते जमवतात. कापणारा माणूस पित्ताची पिशवी आणि आतडी फोडत नाही ना, एवढं घरच्या एकाने जवळ उभं राहून बघायचं. वजडी-आतडी धुवायची जागा वेगळी, पाट वेगळा, सुरी वेगळी, तेच पाणी मटणावर नको. मांडी अख्खी ठेवायची नाही, हाडापर्यंत चिरा देऊन किंवा तुकडे करूनच ठेवायची, जाड मांसाच्या आतली ऊब सगळ्यात उशिरा जाते. मटण धुवायचं असेल तर शिजवायच्या वेळी धुवावं, ठेवायचं असेल तेव्हा नुसतं कोरडं पुसावं. आणि कॅरीबॅग नाहीच, बांबूच्या बुट्टीत केळीचं पान घालून पसरून, वर पातळ सुती कापड, सावलीत, वाऱ्याला, तेही फार तर तासभर. त्याच्या आत एक तर बर्फात, नाहीतर चुलीवर.

चुलीवर म्हणजे आमच्या आईची पद्धत. ती मटण आलं की वाट बघत बसायची नाही, मीठ-हळद घालून सगळंच्या सगळं अळणी, म्हणजे बिनमसाल्याचं, शिजवून टाकायची आणि निखाऱ्यावर पातेलं गरम ठेवायची, मसाला नंतर लागेल तसा. ६० डिग्रीच्या वर ठेवा असं डॉक्टर सांगतात तेच हे, तिला डिग्री माहीत नव्हती, वाफ येत राहिली पाहिजे एवढं माहीत होतं. एक मात्र सांगतो, शिजलेल्या मटणाचं वीस लिटरचं पातेलं चुलीवरून उतरवून तसंच रात्रभर झाकून ठेवलं तर तेही नासतं, मधोमध पहाटेपर्यंत ऊब राहते, उकळूनही जिवंत राहिलेले काही जंतू त्या उबेत परत वाढतात. उरलं तर परातींत पातळ पसरून निववायचं आणि मग फ्रिजमधे.

फ्रिजचंही तसंच आहे. दहा किलो गरम मटण एका ठोकळ्यात कोंबलं तर फ्रिजच गरम होतो, दूधही जातं. किलो-किलोचे चपटे डबे करा, मधे जागा सोडा. पाडल्या पाडल्या थेट फ्रीझरमधे घातलं तर मटण आखडतं, मग कितीही शिजवा, चिवट लागतं. खालच्या कप्प्यात ४ डिग्रीला एक दिवस मुरू द्यावं आणि मग फ्रीझर, असं जाणकार खाटीक सांगतात. बाहेर काढून विरघळवायचं तेही खालच्या कप्प्यात, ओट्यावर नाही. आणि जत्रेच्या दिवसांत करंट जातोच, तेव्हा सारखं दार उघडून "गार आहे का" बघू नका, बंद ठेवलं तर फ्रिज चार तास धरतो, भरलेला फ्रीझर दोन दिवस.

ज्यांच्याकडे फ्रिजच नाही त्यांच्या आया-आज्या लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून, दोरीवर कडक उन्हात वाळवायच्या, चान्या म्हणतात त्याला. ज्या घरांनी पिढ्यानपिढ्या हे केलं त्यांना त्यावरून लोकांनी हिणवलं, आणि खरं तर मटण राखायची आपल्या मुलखातली सगळ्यात पक्की विद्या त्यांच्याकडेच होती, ओल काढून टाकली की जंतूला वाढायला काही उरत नाही. अशा घरातली एखादी म्हातारी आज असेल तर तिच्याजवळ बसून नीट शिकून घ्यावं.

जत्रा कमिट्यांना माझी हात जोडून विनंती आहे. मांडवाला, डॉल्बीला लाखांनी वर्गणी जमते. त्यातून मटणाच्या दिवशी गावात बर्फाची एक गाडी उभी करा, गल्लीगल्लीत लाद्या फोडून द्या. कारखान्याचा बर्फ बहुतेक खायच्या पाण्याचा नसतो, म्हणून तो पिशवीत बांधून मटणाच्या भोवती ठेवायचा, वितळलेलं पाणी मटणाला लागू द्यायचं नाही. प्लास्टिकची पिशवी वापरायचीच तर ती बर्फाला वापरा! कापणीच्या जागेला सावली आणि क्लोरीन घातलेल्या पाण्याचा टँकर द्या. आणि जत्रेच्या पत्रिकेबरोबर हे चार नियम मराठीत आणि कन्नडमधे, दोन्हीत, छापून घरोघर वाटा, आमच्या गल्लीत दोन्ही वाचणारी माणसं आहेत आणि पोट सगळ्यांचं सारखंच बिघडतं.

पाहुण्यांना वाटा देताना तर फार जपा. गेल्या वर्षी आमच्याच मेव्हण्याला चिकोडीला जायचं होतं, तीन तास बसमधे पिशवी मांडीवर, घरी पोचल्यावर उघडून त्याने तशीच फेकून दिली. यंदा मी थर्माकोलचे सहा बॉक्स आत्ताच आणून ठेवलेत. लांबच्या पाहुण्याला कच्चं द्यायचं तर गार झालेलं, खाली-वर बर्फाच्या पिशव्या घालून, नाहीतर द्यायचंच नाही, सुक्क्या मटणाचा डबा गरम-गरम भरून द्यायचा आणि असल्या उन्हात तासाभराच्या आत खा म्हणून सांगायचं. पाहुणा रागावला तर रागावू दे.

आमच्या गावची कमिटीची मीटिंग येत्या अमावास्येनंतर आहे, बर्फाच्या गाडीचा विषय मी मांडणार आहे. तोपर्यंत हे पत्र छापून आलं तर कात्रण घेऊन जाईन.

आपला,
एक जुना वाचक,
खानापूर तालुका, जि. बेळगाव